डबीतली तपकीर

आमच्या आईला तपकिरीची सवय आहे. सवय चांगली नव्हे, हे तिलाही मान्य आहे. पण पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला सुधारण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शाळेतून येताना मी चिंचवडातल्या एका माशांच्या दुकानातून (खाण्याच्या नव्हे, पाळण्याच्या) एक बोटभर उंचीची डबी आणली आणि फडताळात ठेवून दिली. आत तपकिरी रंगाची बारीक भुकटी होती. संध्याकाळी आईच्या हाती ती डबी लागली. तिने झाकण उघडले, चिमूट भरली आणि ती नाकाशी नेणार तोच आमची कन्या ओरडली, "आजी, थांब! अंडी आहेत त्यात!"

आईची चिमूट हवेतच राहिली. "अंडी? अरे देवा, आज मार्गशीर्षातला गुरुवार ना रे!"

पुढे तासभर घरात जे काही झाले ते सांगत बसत नाही. डबी फडताळातून हलली आणि माझ्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यामागे गेली, एवढे पुरे. पण त्या डबीमागे इतका इतिहास दडलेला असेल, आणि तो फिरून फिरून आपल्याच मुंबईच्या मिठागरात जाऊन पोहोचेल, याची मला त्या गुरुवारी कल्पना नव्हती.

झाले होते असे. मुलीने फायटर माशांची जोडी पाळली होती. या माशाचा संसार मोठा मजेदार असतो. नर तोंडाने बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी तोंडात धरून त्यात नेऊन ठेवतो आणि एखादे अंडे निसटून खाली पडले तर पुन्हा उचलून जागेवर बसवतो. मादीला मात्र जवळ फिरकू देत नाही. दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. शेवईच्या तुकड्याला डोळे फुटावेत तशी! आणि खरी पंचाईत तेथूनच सुरू होते. ही पिल्ले जे हलते तेच खातात. दुकानातले कोरडे खाद्य कितीही कुटून घाला, ते त्यांच्या नाकासमोरून तळाशी जाते आणि कुजते. मुलीच्या दोन विणी अशाच उपाशी मेल्या होत्या. तिने वहीत तारीखवार आकडे लिहिले होते: ६०, ४१, १७, ३, आणि पुढे एक आडवी रेघ. परीक्षेच्या वहीतले आकडे तपासण्यात माझा जन्म गेला. पण ती रेघ मला पाहवली नाही.

दुकानदाराने तोडगा सांगितला तो ही डबी. आर्टेमिया नावाचा एक खाऱ्या पाण्यातला जीव असतो. इंग्रजीत त्याला ब्राइन श्रिम्प म्हणतात. आपण खारी कोलीम म्हणू. वास्तविक ही कोलीम नव्हे आणि कोळंबीही नव्हे, तिची फार दूरची आतेबहीण म्हणावी एवढेच नाते. पूर्ण वाढ झाली तरी तिची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. डबीतली भुकटी म्हणजे तिची सुकलेली अंडी. एक अंडे मिलिमीटरच्या पाव हिश्शाहूनही लहान. एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख सहज मावतात. ही अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे तशीच राहतात. खाऱ्या पाण्यात पडली की एका दिवसात, फार तर दीड दिवसात, त्यातून नारिंगी रंगाचे, सतत फडफडणारे जिवंत पोर बाहेर येते. फायटरच्या पिल्लाला यापरते पक्वान्न नाही.

पहिला प्रयोग फसला. एका बाटलीत लिटरभर पाणी, दोन मोठे चमचे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, तळाशी पंपाची नळी, असे सर्व यथासांग केले. पण मार्गशीर्षातली आमच्या चिंचवडची थंडी, आणि बाटली ठेवली खिडकीत! तीन दिवस बुडबुडे चालले. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला. समोरच्या दारी राहणारे गृहस्थ चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात तिसरी पाळी करतात; सकाळी घरी परतताना ते रोज आमच्या दारात थांबून विचारीत, "काय मास्तर, पोरं झाली का?" सौभाग्यवती लाजून आत जात. अखेर त्यांनीच निदान केले. "अहो, भट्टी गार आहे तुमची. पेटवा की!" मग अडगळीतला साठचा जुना पिवळा बल्ब काढून बाटलीशेजारी लावला. पाण्याला २६-२७ अंशांची ऊब आली, उजेडही मिळाला. या अंड्यांना दोन्ही लागतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप बंद करून बाटलीवर काळा कागद गुंडाळला आणि बुडाशी एका बाजूला उजेड सोडला. ही पोरे उजेडाकडे धावतात. पाच-दहा मिनिटांत रिकामी टरफले वर तरंगली आणि खाली उजेडाच्या बाजूला एक नारिंगी ढग जमला. आम्ही सगळे जमिनीवर पालथे पडून तो पाहत होतो. आईसुद्धा चष्मा पुसून पाहून गेली. नळीने तो ढग रुमालावर गाळला, साध्या पाण्याने धुतला (टरफले पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून ती टाळायची) आणि थेंबाथेंबाने काचपेटीत सोडला. शेवयांचे तुकडे वळले, ताणले, झेपावले. पाचच मिनिटांत एकेकाचे पोट नारिंगी दिसू लागले. गोड्या पाण्यात हे जीव काही तासच जगतात. पण तेवढा वेळ त्यांना लागतच नाही. खाऊ घालायचे तेही अंडे फुटल्यापासून थोड्या तासांतच. आईकडून मिळालेली शिदोरी ते अंगात घेऊन येतात. ती संपली की नुसते फडफडते टरफल उरते.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली एक पोर धरून मी फळ्यावर त्याचे चित्र काढले. कपाळावर एकच तांबडा डोळा, हातापायांच्या तीन जोड्या आणि अखंड वल्हवणे. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, हे आधी मेलेलं असतं का?" प्रश्न मोठा खोल आहे. त्याला मेलेले म्हणता येत नाही आणि जिवंत म्हणावे अशी खूणही सापडत नाही. अंड्यातल्या जिवाने आपली वाढ मध्येच थांबवलेली असते. अंगातले पाणी जवळजवळ सर्व गेलेले असते आणि ट्रेहॅलोज नावाची एक साखर पाण्याची जागा धरून आतली मांडणी ढासळू देत नाही. दिवाळीत पाकातले पदार्थ टिकतात हे आपण पाहतोच. येथे सबंध जीवच पाकात मुरवून ठेवलेला! १९७२ साली अपोलो १६ यानातून ही अंडी चंद्रापर्यंत जाऊन परत आली.

असो. डबीवर अमेरिकेतल्या यूटा राज्याचे नाव होते. मुलीने नकाशा काढून मला ते दाखवले आणि विचारले, "बाबा, एवढ्या लांबून का आणतात? आपल्याकडे खारं पाणी नाही?" मी दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मास्तर झालेला माणूस, प्राणिशास्त्राशी माझा संबंध नाही. पण कादंबरीसाठी जुनी कागदपत्रे धुंडाळायची खोड आहे. शोधू लागलो.

या जिवाची शास्त्रीय ओळख युरोपात झाली तीही मिठागरातच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिमिंग्टन नावाचे गाव आहे. तेथे समुद्राचे पाणी उन्हावाऱ्यात दाट करून पुढे कढयांत आटवीत. १७५५ साली श्लॉसर या निसर्गाभ्यासकाने तेथल्या दाट खाऱ्या पाण्यात हे जीव पाहिले आणि त्यांचे वर्णन केले. १७५८ साली लिनियसने त्याला नाव देऊन आपल्या प्रसिद्ध जंत्रीत बसवले. गंमत अशी की मिठाच्या कामगारांना हे जीव पंडितांच्या आधीपासून ठाऊक होते. हे 'किडे' पाणी नितळ करतात अशी त्यांची श्रद्धा होती. ज्या टाकीत ते नसत तिच्यात दुसऱ्या टाकीतून मुद्दाम आणून सोडीत. श्रद्धा खरीच होती. हा जीव पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्यामुळे पाणी निवळते आणि मीठ स्वच्छ पडते. लिबियाच्या वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांकाठचे दवादा लोक तर हेच जीव गोळा करून, वाळवून खात असत. म्हणजे माशांच्या आधी माणसांनी त्याची चव घेतली होती.

माशांच्या ताटात तो आला १९३० नंतर. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले अ‍ॅल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेतल्या रोलेफ्सेन यांनी १९३९ साली दाखवून दिले की याची नुकती जन्मलेली पोरे माशांच्या पिल्लांना उत्तम मानवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीलगतही मिठागरेच होती, हे लक्षात ठेवण्याजोगे. १९५० नंतर यूटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून अंडी गोळा करण्याचा धंदा उभा राहिला. १९६० च्या सुमारास एका चतुर अमेरिकनाने हीच अंडी 'समुद्रमाकडे' म्हणून पोरांना टपालाने विकली. जाहिरातीत मुकुट घातलेली हसरी कुटुंबे, आणि बरणीत मात्र फडफडणारे ठिपके! पुढे कोळंबीसंवर्धनाचा पसारा वाढला, आणि जगभरच्या संवर्धन केंद्रांची भूक भागवायला हीच तपकीर टनांनी लागू लागली.

आता आपल्याकडचे. १९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५१ व्या खंडात एक छोटेसे टिपण आले, जेमतेम दोन पानी. लेखक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले. विषय: मुंबईत आढळलेला आर्टेमिया. ठिकाण: वडाळ्याची मिठागरे. या जिवाची भारतातली पहिली नोंद ती हीच मानतात. राजस्थानातल्या सांभर सरोवरातली नोंद त्यानंतर पाच वर्षांनी, १९५८ साली झाली.

वडाळा! मी ते नाव तीनदा वाचले. मुलीला हाक मारून दाखवले. "म्हणजे दादरच्या पलीकडचं?" ती म्हणाली. तेच. आमच्या चिंचवडहून सकाळच्या गाडीने निघावे, दादरला उतरावे आणि जेवायच्या वेळेआधी पोहोचावे इतक्या अंतरावर.

हेच डॉ. कुलकर्णी आमच्या बाजूच्या लोकांना वेगळ्या कारणाने जवळचे वाटावेत. लोणावळ्याला टाटांच्या तलावांकाठी जे मत्स्यबीज केंद्र आहे, तेथे महासीर माशाचे कृत्रिम प्रजनन करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. दख्खनी महासीराची अंडी आणि पिल्लांची वाढ यांवर त्यांनी १९७१ साली सविस्तर लिहिले. इंद्रायणी त्याच डोंगरातून निघते, देहू-आळंदीवरून जाते आणि चाकणचे कारखाने तिच्यापासून दूर नाहीत. माशाचे पिल्लू जगवणे म्हणजे काय, हे ज्याला कळले होते त्याच माणसाच्या डोळ्यांना वडाळ्याच्या खाऱ्या पाण्यातले ते पिल्लांचे अन्न दिसले, यात मला नवल वाटत नाही.

वडाळ्याचे नाव मात्र आपण ऐकले असते ते १९३० मुळे. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाली. २१ मेला धरासणा झाले. आणि इकडे मुंबईकरांनी वडाळ्याच्या मिठागरांवर धाड घातली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कमलादेवी चट्टोपाध्याय त्यात होत्या. १ जूनच्या मोठ्या धाडीला सुमारे १५ हजार लोक लोटले होते. स्त्रिया होत्या, पोरे होती. पोलिसांचे कडे तोडून, चिखल तुडवीत, लाठ्या खात लोकांनी मूठमूठ मीठ उचलून नेले. कादंबरीकाराचे डोके मोठे वाईट असते. ते म्हणते, त्या चिखलात, त्या हजारो पावलांखाली, ही तपकीर पसरलेली असणार. तिची नोंद व्हायला अजून तेवीस वर्षे होती. पुरावा मागाल तर माझ्याजवळ नाही, पण मिठागराचे वर्षाचे चक्र असेच चालते.

ते चक्र मला शाळेतल्या एका सहकाऱ्याने समजावले. ते मूळचे उरणकडचे, आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असे ते अभिमानाने सांगतात. पाऊस सरला की बांध दुरुस्त करायचे, खाचरे चोपून टणक करायची, उधाणाच्या भरतीला समुद्राचे पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत ते दाट करीत न्यायचे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार; वाफ्यावाफ्याने ते दुप्पट, तिप्पट, चौपट होतात. "पाणी तांबूस दिसायला लागलं की म्हातारा म्हणायचा, आता मीठ जवळ आलं," असे ते म्हणाले. त्या तांबूसपणात क्षार सोसणारी सूक्ष्म वनस्पती असते, जिवाणू असतात, आणि पुष्कळदा ही खारी कोलीमही असते. पाण्यात प्राणवायू कमी झाला की तिचे अंग लाल होते.

या जिवाचे सगळे शहाणपण एकाच गोष्टीत आहे: जेथे दुसरा कोणी जगू शकत नाही तेथे राहायचे. त्याच्यापाशी ना दात, ना कवच, ना पळण्याचा वेग. साध्या समुद्रात मासे त्याला दिवसभरात संपवतील. पण दाट खाऱ्या पाण्यात मासा मरतो आणि हा जगतो. पाणी बरे असेल तोवर मादी सरळ पोरेच जन्माला घालते. पाणी फार दाट झाले, जीव गुदमरू लागला की कवचाची अंडी घालते. ती वाऱ्याने वाफ्याच्या एका काठाला जाऊन लागतात, सुकतात, आणि पुढच्या हंगामाची वाट पाहतात. आपल्याकडच्या या जातीत बहुतेक सगळ्या माद्याच. नरावाचून त्यांचे अडत नाही. हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचले तेव्हा आतून, "त्यात काय नवल!" असे उत्तर आले.

तेव्हा वाचकहो, या जिवाला समुद्र पुरत नाही, त्याला मिठागर लागते. म्हणजेच मीठ पिकवणारा माणूस लागतो. लिमिंग्टनचे शेवटचे मिठागर १८६५ साली बंद पडले. बांध फुटले, पाणी पातळ झाले, मासे आत आले. ज्या गावाने जगाला हा जीव दाखवला त्या गावात, किंबहुना सबंध ब्रिटनमध्ये, तो आज उरलेला नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याने वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत मिठागरे होती. ती एकेक करून मिटत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचे राज्य सरकारने ठरवले. माणसांना घरे हवीत. मी स्वतः शेते जाऊन झालेल्या वसाहतीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मला त्यावर फार बोलण्याचा अधिकार नाही.

मिठागर राहिले तरी दुसरे एक संकट आहे, आणि ते माझ्या टेबलावरच्या डबीत आहे, हे वाचून मी चपापलो. कोळंबीसंवर्धनासाठी परदेशी अंडी देशात येऊ लागली. काही मुद्दाम मिठागरांत सोडली गेली, काही संवर्धन केंद्रांच्या पाण्याबरोबर आपसूक गेली. अमेरिकन जात वाढायला चलाख. २०१२ साली कोचीच्या शास्त्रज्ञांनी भारतातली मिठागरे तपासून निष्कर्ष काढला की ठिकठिकाणी या परदेशी जातीने आपली मूळची जात हुसकावून तिची जागा घेतली आहे. म्हणजे कुलकर्ण्यांनी १९५३ साली ज्यांची नोंद केली, त्या नरावाचून पिढ्या चालवणाऱ्या माद्यांचा वंश, बंगल्यांनी नव्हे तर त्यांच्याच अमेरिकन चुलत बहिणींनी बुडवायला घेतला आहे. तिकडे त्या अमेरिकन बहिणींचेही माहेर सुखात नाही. नद्यांचे पाणी वरच्या वर वळवल्यामुळे ग्रेट सॉल्ट लेक आटत चालले असून नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने आजवरचा सर्वांत खालचा तळ गाठला.

माघात मुलीची फायटर पिल्ले चांगली वाढली. बाटलीत रोज थोडी पोरे उरत. ती टाकून द्यायला तिला जिवावर येई. माझ्या त्या सहकाऱ्यांनी आम्हांला उरणकडे यात्रेला बोलावले, तेव्हा निघताना तिच्या पिशवीत मला एक झाकणाची बाटली दिसली.

"हे काय?"

"तिथं मिठागर आहे ना. त्यांना सोडते. मोठी होतील."

मी तिला समजावले. म्हणजे वर लिहिले आहे तेच सगळे सांगितले, लिमिंग्टनपासून कोचीपर्यंत. ती ऐकत होती, पण नजर बाटलीवर. शेवटी म्हणाली, "मग यांचं काय करायचं?" मी म्हटले, उकळते पाणी. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनेच पातेले चढवले. बाटली ओतताना मात्र तिने मला बाहेर जायला सांगितले.

उरणला आम्ही बांधावर उभे राहिलो. उन्हात वाफे आरशासारखे चकाकत होते, दूरचे दोन तांबूस दिसत होते. सहकाऱ्यांनी मूठभर ओले मीठ तिच्या हातावर ठेवले. घरी आल्यावर ते तिने वाळवले आणि त्याच मिठाचे पाणी करून पुढची अंडी घातली. किराणा दुकानातल्या पुडीपेक्षा ती जास्त फुटली असे तिचे म्हणणे आहे. वहीत आकडे आहेत. मी तपासलेले नाहीत. त्या विणीतली तेवीस पिल्ले मोठी झाली. नर एकमेकांना फाडून खातात म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी लागते, आणि यंदा दिवाळीचा फराळ भरायला आमच्या घरात एकही बरणी मोकळी नाही. चिवडा पातेल्यात आहे.

आईने आपल्या तपकिरीच्या डबीला लाल दोरा बांधून ठेवला आहे. तरीही उघडण्यापूर्वी ती मुलीला हाक मारून विचारून घेते.